दहा मिनिटं आणि दोन दिवस

कोळंबीचं कालवण जेवून हात धुवेपर्यंत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा झाला. दुसरीकडे, शेताचा बांध साफ करून आलेल्या शेतकऱ्याच्या पापण्या, मान आणि कोपराच्या खाचा दोन दिवसांनी लालबुंद होऊन खाजायला लागल्या. दोघंही सांगतात, ‘ॲलर्जी आलीय’, आणि दोघंही बरोबर सांगतात. पण शरीरात घडलेलं मात्र वेगवेगळं आहे. त्यामुळे तपासणी वेगळी आणि औषधंही वेगळी. पहिल्या प्रकारात वेळेवर इंजेक्शन मिळालं नाही तर माणूस तासाभरात दगावू शकतो. दुसऱ्या प्रकारात जीवावर सहसा बेतत नाही, पण झोप आणि काम वर्षानुवर्षं हातचं जातं. म्हणून ॲलर्जीच्या बाबतीत काय खाल्लं, काय लावलं, याच्या जोडीनेच विचारायला हवं : त्यानंतर किती वेळाने झालं? निम्मं निदान या उत्तरात असतं. एवढा साधा प्रश्न न विचारता वर्षानुवर्षं गोळ्या घेणारे लोक पाहिले की वाईट वाटतं.

आधी मिनिटांत येणारी ॲलर्जी पाहू. आपली प्रतिकारशक्ती जंतूंना ओळखून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. या प्रतिपिंडांचा एक प्रकार म्हणजे आयजीई. रक्तात ती अत्यल्प असते आणि तिचं मूळ काम पोटातल्या जंतांसारख्या परोपजीवींशी लढण्याचं असावं, असं शास्त्रज्ञ मानतात. काही माणसांत हीच आयजीई परागकण, कोळंबी, शेंगदाणा किंवा गांधीलमाशीचं विष अशा गोष्टींविरुद्ध तयार होते. हे आधीच्या एखाद्या भेटीत घडतं आणि त्या वेळी बाहेर काहीच दिसत नाही. तयार झालेली आयजीई त्वचा, नाक, श्वासनलिका आणि आतडी यांच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसते. त्या क्षणापासून ही पेशी दारू ठासून वात लावलेल्या सुरुंगासारखी असते. तोच पदार्थ पुन्हा शरीरात आला आणि त्या आयजीईला चिकटला, की पेशी आतलं हिस्टामिन आणि इतर रसायनं काही मिनिटांत बाहेर फेकते. बारीक रक्तवाहिन्या पसरतात आणि पाझरतात, म्हणून सूज आणि गांधी. नाकातून पाणी वाहतं, शिंका येतात. श्वासनलिका आकसतात, म्हणून धाप. हे सगळं एकदम संपूर्ण अंगात घडलं तर रक्तदाब कोसळतो.

‘इतकी वर्षं कोळंबी खातोय, आजच कशी बाधेल?’ असं लोक विचारतात. इतकी वर्षं खाल्ली, म्हणूनच आयजीई तयार व्हायला संधी मिळाली. ॲलर्जी होण्यासाठी त्या पदार्थाची आधी ओळख व्हावी लागते. ती ओळख विसाव्या वर्षी बिघडेल की पन्नासाव्या, हे सांगता येत नाही.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट लक्षात आली ती समुद्रावर. 1901 साली मोनॅकोचे राजे आल्बेर यांच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्त्ये हे फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्री जीवांच्या दंशातलं विष अभ्यासत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाच्या स्पर्शकांतलं विष कुत्र्यांना थोड्या मात्रेत टोचलं. लसीसारखं हे विष दिलं की कुत्री पुढच्या खेपेला तग धरतील, असा त्यांचा अंदाज होता. झालं उलटंच. पहिली मात्रा पचवून धडधाकट झालेल्या कुत्र्याला तीनेक आठवड्यांनी अगदी किरकोळ मात्रा दिली आणि ते काही मिनिटांत मेलं. संरक्षणासाठी असलेली यंत्रणाच जीव घेऊ शकते, हे त्या काळी पटायला जड होतं. या अतितीव्र प्रतिक्रियेला त्यांनी ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिलं आणि 1913 साली रिशे यांना त्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळालं.

रक्तातला नेमका कोणता घटक हे घडवतो, हे शोधण्यात पुढची पन्नासहून अधिक वर्षं गेली. 1921 साली कार्ल प्राउस्निट्झ यांनी आपले सहकारी हाइन्झ क्यूस्टनर यांचं रक्तद्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतलं. क्यूस्टनरना शिजवलेल्या माशांची ॲलर्जी होती, प्राउस्निट्झना नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचल्यावर प्राउस्निट्झच्या त्वचेवर गांधी उठली. म्हणजे ॲलर्जी रक्तातून एकाकडून दुसऱ्याकडे नेता येत होती. तो घटक म्हणजे आयजीई. अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये काम करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने 1966 साली ती ओळखली आणि जवळपास त्याच सुमारास स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनीही स्वतंत्रपणे. आज ॲलर्जीसाठी रक्ततपासणी होते ती याच आयजीईची.

आता दुसरा प्रकार. इथे आयजीईचा संबंध नाही. इथे काम करतात त्या टी पेशी आणि त्या सावकाश जमतात. त्वचेवर पडलेलं एखादं छोटं रसायन त्वचेच्या प्रथिनाला चिकटतं, टी पेशी त्याला परकं मानून लक्षात ठेवतात आणि पुढच्या स्पर्शानंतर साधारण दोन-तीन दिवसांत त्या जागी दाह उसळतो. बिबा उतणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. बिब्याच्या तेलाने कातडी भाजते, शिवाय त्यातली रसायनं याच मार्गाने ॲलर्जीही घडवतात. परटाकडून आलेल्या कपड्याच्या कॉलरवर बिब्याने केलेल्या खुणेमुळे मानेवर चट्टा उठायचा, तो याच कारणाने. आंबा आणि काजू ही झाडं बिब्याच्याच कुळातली. आंब्याच्या देठाचा चीक लागून ओठांच्या कडा सोलवटणं आणि काजूच्या टरफलाच्या तेलाने कारखान्यातल्या बायकांचे हात खराब होणं, हे बिब्याचेच भाऊबंद. केस काळे करायच्या रंगातलं पॅराफिनिलीनडायअमीन, खोट्या कानातल्यांतलं निकेल, हीसुद्धा याच यादीतली. काळी मेंदी म्हणून जी विकतात तिच्यातही बऱ्याचदा तेच केसांच्या रंगाचं रसायन असतं. लग्नसराईत हातावर तीच नक्षी फोडांच्या रूपात उमटलेल्या मुली त्वचारोगतज्ज्ञांकडे येतात. साध्या मेंदीच्या पानांनी असं क्वचितच होतं.

पण महाराष्ट्राने ज्याच्याबद्दल मनापासून काळजी करावी ते गाजरगवत. 1955 च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नोंदलं गेलं. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचं बी आलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. काँग्रेस गवत या नावाने ते आज देशभर ओळखलं जातं. मूळचं ते अमेरिका खंडातलं. एका झाडाला हजारो बिया येतात, गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि पडीक जमीन, रस्त्याची कड, रेल्वेमार्ग असं कुठेही ते माजतं. त्यातल्या पार्थेनिन या रसायनाची ॲलर्जी झालेल्या माणसाला झाडाला हात लावायचीही गरज नसते. वाळलेल्या पानांचे आणि त्यांवरच्या लवेचे बारीक कण वाऱ्यावर उडतात आणि उघड्या अंगावर बसतात. म्हणून पापण्या, मानेच्या घड्या, कोपराचा आतला भाग. सुरुवातीला हंगामी असलेला त्रास पुढे बारमाही होतो. कातडी जाड, काळपट, भेगाळलेली होते. बहुतेक रुग्ण मध्यमवयीन शेतकरी किंवा मजूर. ‘तिथे जाऊ नका’ असं त्यांना कसं सांगायचं? शेत सोडून ते जाणार कुठे? 1980 च्या दशकात मेक्सिकोतून झायगोग्रामा नावाचा भुंगेरा आणून सोडला गेला. तो पावसाळ्यात या झाडाची पानं खातो आणि काही भागांत त्याचा उपयोगही झाला, पण गवत हटलेलं नाही. श्रमदानाच्या शिबिरांत शाळकरी मुलांना उघड्या हातांनी गाजरगवत उपटायला लावतात, ते मात्र ताबडतोब थांबायला हवं. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल असल्याशिवाय कुणीही त्याला हात लावू नये. उपटायचं तेही फुलावर येण्याआधी.

ॲलर्जी एकाला होते आणि शेजारच्याला होत नाही, याचं एकच एक कारण नाही. आनुवंशिकता हे मोठं कारण. आई किंवा वडिलांना दमा, ॲलर्जीची सर्दी किंवा लहानपणचा इसब असेल तर मुलाला धोका वाढतो, दोघांना असेल तर आणखी. पण मुलाला तीच वस्तू बाधेल असं नाही, वारसा मिळतो तो ॲलर्जी होण्याच्या प्रवृत्तीचा. बाकीचं राहणीमान ठरवतं. 1989 साली ब्रिटनमधल्या डेव्हिड स्ट्रॅकन यांनी दाखवून दिलं, की ज्या मुलांना पाठची-पुढची भावंडं जास्त त्यांना परागकणांची सर्दी कमी होते. लहानपणी जंतूंशी पुरेसा संबंध आला नाही तर प्रतिकारशक्ती निरुपद्रवी गोष्टींवर उलटते, हा विचार तिथून रुजला. पुढे अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना झाली. दोघांचा वंश जवळचा, आहारही सारखा. आमिश अजूनही पारंपरिक पद्धतीने गायी-घोड्यांच्या सहवासात राहतात, हटराइट यंत्रांनी मोठी शेती करतात आणि त्यांची मुलं गोठ्यापासून दूर असतात. आमिश मुलांत दम्याचं प्रमाण सुमारे 5 टक्के, हटराइट मुलांत सुमारे 21 टक्के. म्हणून घर घाण ठेवा असा याचा अर्थ कुणी काढू नये. हात धुतल्याने दमा होत नाही.

लहान मुलांना शेंगदाणा, अंडं यांसारखे पदार्थ उशिरा द्यावेत, असा सल्ला बरीच वर्षं दिला गेला. लंडनमधल्या गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की इस्रायलमधल्या मुलांपेक्षा ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे दहापट आहे. इस्रायलमध्ये मुलं वर्षाच्या आतच शेंगदाण्याचे कुरकुरे खातात. मग इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या 640 बाळांवर प्रयोग झाला. 2015 साली निष्कर्ष आला : पाच वर्षांपर्यंत शेंगदाणा टाळलेल्या मुलांपैकी सुमारे 17 टक्क्यांना त्याची ॲलर्जी झाली, नियमित खाल्लेल्यांपैकी सुमारे 3 टक्क्यांना. इसबामुळे फाटलेल्या कातडीतून पदार्थाची पहिली ओळख झाली तर ती शत्रू म्हणून होते आणि पोटातून झाली तर सहसा मित्र म्हणून, असं आता मानतात. वरचं खाणं सुरू झाल्यावर बाळाला मऊ भातात चिमूटभर बारीक कूट द्यायला हरकत नाही. अख्खा दाणा मात्र कधीच नको, तो श्वासनलिकेत अडकतो. बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

घरातल्या शत्रूबद्दलही सांगायला हवं, कारण मुंबई-कोकणातल्या बारमाही शिंका आणि दमा यांमागे तो वरचेवर सापडतो. धुळीतले माइट. डोळ्यांना न दिसणारे, कोळ्याच्या नात्यातले हे जीव चावत नाहीत. गादी, उशी, गोधडीत राहतात आणि आपल्या अंगावरून गळणारा कोंडा खातात. त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे. ते पाणी पीत नाहीत, हवेतली आर्द्रताच शोषून घेतात, म्हणून दमट हवेत त्यांची चंगळ असते. चादरी-अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात धुणं, निदान 55-60 अंश तापमानाच्या, आणि गाद्या कडक उन्हात तापवणं याने त्यांची संख्या घटते. जुनी आजीबाईची सवयच ही, आणि ती शास्त्राला धरून आहे. आणखी एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट : माइट, झुरळ आणि कोळंबी या तिघांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन हे जवळजवळ सारखंच प्रथिन असतं. त्यामुळे माइटची ॲलर्जी असलेल्या काहींना कोळंबी-खेकडेही बाधतात. शिजवल्याने हे प्रथिन नष्ट होत नाही.

निदानाकडे वळताना पुन्हा तोच वेळेचा प्रश्न. त्रास मिनिटांत येत असेल तर त्वचेवर टोचणी चाचणी करतात. अर्काचा थेंब, त्यातून हलकीशी टोच, पंधरा-वीस मिनिटांनी तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांधी उठली का ते पाहायचं. या चाचणीआधी काही दिवस सेट्रिझिनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद कराव्या लागतात. त्रास दोन दिवसांनी येत असेल तर पाठीवर पट्ट्या चिकटवून 48 तासांनी काढतात आणि त्यानंतर पुन्हा एक-दोन दिवसांनी वाचन करतात. भारतीय पट्टीसंचात गाजरगवतही असतं. यातली एक चाचणी दुसऱ्या प्रकारासाठी केली तर ती कोरीच येणार आणि रुग्णाला ‘तुम्हाला काहीच नाही’ असं सांगितलं जाणार. चाचणी सकारात्मक आली म्हणजे ॲलर्जी ठरली असंही नाही. आयजीई असूनही तो पदार्थ आरामात पचवणारी पुष्कळ माणसं असतात. रोगाची हकीकत आणि चाचणी जुळली तरच निदान. शंभर-दोनशे पदार्थांची आयजीजी तपासणी महागड्या पॅकेजमध्ये विकली जाते, तिचा निदानाला उपयोग नाही. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खात आला आहात एवढंच. तेवढ्यावरून दूध, गहू, तूर बंद केलेली कुपोषित मुलं पाहायला मिळतात आणि त्याचा राग येतो.

उपचारांत पहिला म्हणजे ॲलर्जीचं कारण टाळता येत असेल तर ते टाळणं. पण हवा टाळता येत नाही. नाकाच्या ॲलर्जीसाठी दाह कमी करणारे स्टिरॉइडचे फवारे सर्वांत परिणामकारक. ते रोज घ्यावे लागतात, पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, आणि नाकाच्या मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला मारायचे असतात. एकदा मारून ‘फरक नाही’ म्हणून टाकून देणारे बरेच. उलट नाक क्षणात मोकळं करणारे थेंब पाच दिवसांपुढे वापरले तर नाक त्यांच्याशिवाय उघडेनासंच होतं. शिंका आणि गांधींवर सेट्रिझिन, लोराटाडीन, फेक्सोफेनाडीन या गोळ्या चांगल्या. जुन्या क्लोरफेनिरामीनने गुंगी येते, गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये. मात्र गाजरगवत किंवा केसांच्या रंगाच्या दोन दिवसांच्या ॲलर्जीवर या गोळ्या फारसं काही करत नाहीत. तिथे योग्य ताकदीचं स्टिरॉइड मलम ठरावीक दिवस, आणि हट्टी त्रासात त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ॲझाथायोप्रिनसारखी औषधं लागतात. औषधाच्या दुकानातून आणलेलं स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेलं मलम मात्र कातडी पातळ करतं आणि नायटा असेल तर तो पसरवतो. दम्याच्या पंपाची सवय लागते ही समजूत तर अनेकांच्या जीवावर उठली आहे. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून गोळीच्या तुलनेत फार कमी पुरतं.

मुळावर घाव घालणारा उपचार एकच आहे, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. 1911 साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात लेनर्ड नून यांनी परागकणांच्या सर्दीच्या रुग्णांना गवताच्या परागकणांचा अर्क अगदी थोड्या मात्रेपासून चढवत नेत टोचला. परागकणांत विष असतं ही त्यांची समजूत चुकीची होती, पण उपचार लागू पडला. आज हाच इम्युनोथेरपी म्हणून माइट, परागकण आणि माशीच्या विषासाठी वापरतात, इंजेक्शनने किंवा जिभेखाली. किमान तीन वर्षं चालवावा लागतो. इंजेक्शन नेहमी डॉक्टरांसमोरच घ्यायचं आणि नंतर अर्धा तास तिथेच थांबायचं. दोन दिवसांनी येणाऱ्या ॲलर्जीसाठी तो नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. काही खाल्ल्यावर, औषध घेतल्यावर किंवा माशी चावल्यावर मिनिटांत गांधी उठून सोबत आवाज बसला, धाप लागली, उलट्या झाल्या किंवा चक्कर येऊन माणूस खाली बसला, तर हे ॲनाफिलॅक्सिस समजावं. अंगाला आमसूल चोळत किंवा गोळीचा परिणाम व्हायची वाट पाहत बसू नये. हायड्रोकॉर्टिझोन आणि गुंगी आणणारी ॲलर्जीची इंजेक्शनं इथे जीव वाचवत नाहीत, ॲड्रिनलिन वाचवतं, आणि तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत वेळेवर दिलं तर. 108 ला फोन करा. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा, उठवून चालवू नका. धाप असेल तरच टेकवून बसवा. बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयात ठेवा, त्रास दुसऱ्यांदा उसळू शकतो. ॲड्रिनलिनची कुपी स्वस्त असते. तुमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि नेहमीच्या डॉक्टरांच्या टेबलाजवळ ती आहे का, तिची मुदत संपली तर नाही ना, एवढं या आठवड्यात विचारून घ्या.